तोंड एक, बाजू दोन

सत्य एकट्यादुकट्या माणसाला कळत नाही. ते कळायला किमान दोनशे चाळीस माणसं लागतात, आणि तीही चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेली. या एका वाक्यावर एकतोंडेने उभी हयात काढली होती, त्यापायी दोन बढत्या घालवल्या होत्या आणि एक मित्र. त्या सकाळी वॉशबेसिनवर वाकून त्याने चूळ टाकली, पांढऱ्या भांड्यावरून एक गुलाबी ओघळ खाली सरकताना पाहिला, आणि ते वाक्य ओघळाच्या मागोमाग जाळीतून खाली गेलं.

ओघळ बारीक होता. लक्ष नसतं तर दिसलाही नसता. एखादं निरीक्षण चुकीचं असू शकतं म्हणून तो पुन्हा थुंकला. गुलाबी. पेस्टचा रंग असेल म्हणून त्याने ट्यूब पाहिली. पेस्ट पांढरी होती. मग त्याने ब्रश खाली ठेवला, नुसत्या पाण्याने चूळ भरली आणि तिसऱ्यांदा थुंकला. तिन्ही निरीक्षणं एकमेकांशी जुळत होती, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आनंद झाला नाही. बाहेरून बायको म्हणाली, ‘‘अरे, आत काय शेती करतोयस का? माझी शाळा आहे.’’ ती भूगोल शिकवायची आणि जगातल्या कुठल्याही हालचालीला वेळापत्रक असतं असं मानायची. तो म्हणाला, ‘‘रक्त येतंय.’’ ती म्हणाली, ‘‘मग तुझ्या ऑफिसात दाखव. दंतवैद्यांच्या गराड्यात बसतोस दिवसभर.’’ या वाक्यात काही चूक काढता येईना, म्हणून तो चिडला.

बसत तो होता, यात शंका नव्हती. हिरड्यांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत तो बावीस वर्षं नोकरीला होता, पण दंतवैद्य म्हणून नव्हे. डॉक्टर लोक औषध काढायचे, माणसांच्या तोंडात बघायचे; ते औषध खरंच काम करतं की डॉक्टरांना तसं वाटतं, हे ठरवण्यासाठी चाचणी कशी आखायची आणि आलेल्या आकड्यांचं काय करायचं, हे एकतोंडे बघायचा. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. त्याचं भरलं होतं, आणि वर घराचे हप्तेही फिटले होते. एकतोंडे हे त्याचं आडनाव नव्हतं. ते त्याला भांडणात मिळालं होतं. दाताभोवती सहा जागी एक बारीक खुणांची सळई घालतात आणि दात व हिरडी यांच्यामधली फट किती मिलिमीटर खोल आहे ते बघतात. त्या फटीला डॉक्टर खिसा म्हणतात. हिरडी निरोगी असली की खिसा उथळ, आजारी झाली की खोल, आणि फार खोल झाला की दात त्या खिशातून पडतो, फाटक्या खिशातून किल्ली पडावी तसा. तर संस्थेचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते एकदा भर बैठकीत म्हणाले होते, ‘‘अहो, माणसं कमी कशी? एका तोंडात दीडशेच्या वर जागा. दोनशे माणसं धरली तर तीस हजार नोंदी झाल्या की! तीस हजारांत काहीही सिद्ध होतं.’’ आणि हा शांतपणे म्हणाला होता, ‘‘साहेब, जागा दीडशे असतील. तोंड एक.’’ शेजारच्या दातांना एकच थुंकी, एकच आळस, एकच साखर. ते एकमेकांचे साक्षीदार होऊ शकत नाहीत, भाऊ भावाचा होऊ शकत नाही तसे. हे त्याने त्या बैठकीत चार वेळा सांगितलं आणि पुढच्या बारा वर्षांत मोजता येणार नाही इतक्या वेळा. ‘तोंड एक’चं एकतोंडे व्हायला मात्र तेवढा वेळ लागला नाही. पगाराच्या पावतीवरचं नाव आता खुद्द त्यालाच परकं वाटायचं.

त्या सकाळी कामावर जाताना तो जिभेने आतून दात चाचपत होता. डावीकडे खाली, शेवटून दुसरी दाढ. जीभ तिथे जायची, थांबायची, परत यायची, पुन्हा जायची. कुलूप लावलं की नाही हे बघायला माणूस दाराशी परत जातो तशी. बसमध्ये समोर बसलेली बाई त्याच्या गालाच्या आतल्या हालचालींकडे संशयाने बघत होती. त्याला बाबा आठवत होते. बाबा मोठ्याने वाचायचे. घरात कोणी ऐको न ऐको, बातम्या, जाहिराती, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, सगळं खणखणीत आवाजात. पंचेचाळिशीत त्यांचे दात हलायला लागले आणि एका हिवाळ्यात सगळे गेले; काही पडले, उरलेले काढले. मग कवळी आली. कवळीतून ‘स’ शिट्टीसारखा यायचा. बाबांनी मोठ्याने वाचणं बंद केलं. पहिल्यांदा वाचणं बंद केलं, मग ओरडणं, मग वाद घालणं, आणि हसताना तोंडावर हात धरायला लागले, लग्नातल्या नवरीसारखे. ‘‘दात गेले की माणूस शहाणा होतो रे,’’ एकदा ते म्हणाले होते, ‘‘सगळ्याला हो म्हणतो.’’ त्या दिवशी कवळी वाटीतल्या पाण्यात होती आणि बाबांचा खालचा चेहरा मुठीसारखा आत मिटला होता. एकतोंडे तेव्हा कॉलेजात होता. त्याला वाटलं होतं, हा माझ्या वडिलांचा चेहरा नाही, हा त्यांचा पुरावा आहे. कशाचा, ते कळलं नव्हतं. पुढे तो हिरड्यांच्याच संस्थेत नोकरीला लागला तेव्हा त्याने स्वतःला बजावलं की हा योगायोग आहे. एका घटनेवरून संबंध जोडू नये. आणि बावीस वर्षांत तो स्वतः एकदाही दंतवैद्याच्या खुर्चीत बसला नव्हता, हाही योगायोगच.

पण या आठवणीने तो खचला नाही, हे सांगायला हवं. उलट बसमधून उतरताना त्याच्या पायांत एक चमत्कारिक तरतरी होती. कारण एक गोष्ट त्याला ठाऊक होती आणि ती जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. साहेबांनी शोधलेल्या जेलीची चाचणी नुकतीच संपली होती. दोनशे चाळीस माणसं. सगळ्यांचे दात आधी डॉक्टरांनी खरवडून साफ केले. मग निम्म्यांना रोज ब्रश करताना लावायला औषधाची जेली, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली साधी जेली. कोणाला काय मिळालं ते ना पेशंटला माहीत, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना, ना एकतोंडेला. त्याच्याकडे फक्त अक्षरं होती: गट क आणि गट ख. कुठल्या अक्षरात औषध आहे हे एकट्या औषधवाल्या बाईंना माहीत होतं, कारण तळमजल्यावरच्या खोलीत ट्यूबा त्यांनीच भरल्या होत्या. आणि उलट, कुठलं अक्षर बरं झालं हे बाईंना माहीत नव्हतं. ते एकतोंडेला चार दिवसांपूर्वी कळलं होतं. गट क. क-वाल्यांचे खिसे ख-वाल्यांपेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर जास्त भरून आले होते. रक्त येणं तर निम्म्याहून कमी. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. अर्ध्या मिलिमीटरसाठी माणसं आयुष्य घालवतात आणि त्यांना मिळतो एक दशांश, तोही चुकून. आकडा पडद्यावर आला तेव्हा तो खुर्चीवरून उठला होता, खोलीत एक चक्कर मारून परत बसला होता, आणि मग दार लावून पुन्हा उठला होता.

फरक होता! खरा, दांडगा, दोनशे चाळीस तोंडांत मोजलेला फरक. आता फक्त समितीपुढे बाईंनी अक्षरं फोडायची बाकी होती, आणि समितीची तारीख मिळायला दीड महिना लागणार होता, कारण समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदांची मुलगी परदेशातून येणार होती. एकतोंडे थांबायला तयार होता. हिरडी थांबेल का, हा प्रश्न त्या सकाळी नव्याने उभा राहिला होता.

तपासायला त्याने जिला गाठलं ती डॉक्टर वयाने लहान होती, हसतमुख, आणि एकतोंडेच्या लेखी तिचं नाव परीक्षक दोन असं होतं. चाचणीत तपासणारे चार डॉक्टर होते. चौघांचे हात जुळावेत म्हणून आधी त्यांना त्याच त्या माणसांची तोंडं पुन्हा पुन्हा मोजायला लावलं होतं, आणि त्या आकड्यांवरून एकतोंडे चौघांना अशा बारकाईने ओळखायचा, जशी त्यांची लग्नाची माणसंही ओळखत नसतील. परीक्षक एकला पाच हा आकडा आवडायचा नाही. तो चार तरी म्हणायचा नाहीतर सहा. परीक्षक तीन दुपारी जेवून आला की घाई करायचा. परीक्षक दोनचा हात थोडा जड होता. सळई तिची सगळ्यांपेक्षा पाव मिलिमीटर खोल जायची, पण कायम तेवढीच, सकाळी तेवढीच, संध्याकाळी तेवढीच. असा हात मिळायला भाग्य लागतं, असं तो मनात म्हणायचा. तो हात आता त्याच्या तोंडात होता. मदतनीस पडद्यापाशी बसली होती आणि परीक्षक दोन आकडे म्हणत होती: ‘‘तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार, रक्त. तीन, दोन, तीन.’’ बावीस वर्षं त्याने हे आकडे उभ्या रांगांत पाहिले होते. ते कुणीतरी मोठ्याने म्हणतं, हे त्याला माहीत होतं. पण माहीत असणं आणि जबडा उघडून पडलेलं असणं यांत फरक असतो. प्रत्येक आकड्याच्या आधी एक टोचणी येत होती. आकडा म्हणजे टोचणीचं नाव होतं. त्याला वाटलं, आपल्याकडे साठवलेल्या लाखो टोचण्या आपण इतकी वर्षं बेरजेला घेतल्या आणि एकदाही ‘आई गं’ म्हटलं नाही. वर दिव्यात त्याचं तोंड उलटं, लहान, लाल दिसत होतं. डोक्यात आपोआप सरासरी चालली होती. समोरच्या दातांपर्यंत ती तीनच्या खाली होती आणि त्याला परीक्षेत बरा पेपर गेल्यासारखं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात हात डावीकडे खाली गेला. ‘‘पाच,’’ परीक्षक दोन म्हणाली. मग जरा थांबून, ‘‘सहा. पाच. तिन्हीला रक्त.’’

‘‘पावणेसहा,’’ तो सळईच्या बाजूने म्हणाला.

‘‘सर, बोलू नका.’’

‘‘तुमचा हात पाव मिलिमीटर खोल जातो. दर वेळी.’’

‘‘बरं, पावणेसहा. तोंड उघडा. सर, तुम्ही इतकी वर्षं इथे, आणि हे काय? ही दाढ अजून दोन-तीन वर्षांत हलायला लागेल अशीच सोडली तर.’’ मग तिने यंत्राने सगळे दात खरवडून साफ केले, खिशांच्या आतून सुद्धा, आणि ब्रश कसा धरायचा ते त्याला प्लास्टिकच्या जबड्यावर दाखवलं. तो मान हलवत होता, पण ऐकत नव्हता. त्याच्या कानात ‘दोन-तीन वर्षं’ हे शब्द होते आणि त्यामागून बाबांचा शिट्टी मारणारा ‘स’. बावन्न वजा पंचेचाळीस; बाबांपेक्षा सात वर्षं आपण जास्त काढली, अशी एक निरुपयोगी वजाबाकी त्याने करून पाहिली. आणि मग खुर्ची सरळ होत असताना, गुळण्या करता करता, त्याला ती कल्पना सुचली. सुचली म्हणणं बरोबर नाही. ती सकाळपासून खिशात होती, आता हाताला लागली.

औषधवाल्या बाई तळमजल्यावर उरलेल्या ट्यूबा पेट्यांत भरत होत्या. निवृत्तीला आलेल्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या, आणि एखादी गोष्ट सांगायची नाही असं ठरवलं की चेहऱ्याचं कुलूप लावून किल्ली गिळून टाकणाऱ्या. म्हणून तर त्यांच्याकडे ते काम दिलं होतं. एकतोंडे दारात उभा राहून म्हणाला, ‘‘बाई, न वापरलेल्या ट्यूबांचं काय करणार?’’

‘‘नष्ट. दुसरं काय?’’

‘‘एक मला चालेल. म्हणजे नष्टच समजा.’’

बाईंनी चष्मा लावून त्याच्याकडे पाहिलं. ‘‘हिरड्या?’’

‘‘जरा.’’

‘‘चाचणी संपलीये, आकडे तुम्ही बंद केलेत. माझी काही हरकत नाही. घ्या कुठलीही.’’

पण कुठलीही घ्यायला तो आला नव्हता. ट्यूबांवर अक्षरं नसायची, नुसते पेशंटचे क्रमांक असायचे. कुठला क्रमांक कुठल्या गटात हे त्याला पाठ होतं, आपल्या मुलांचे वाढदिवस एखाद्याला पाठ असावेत तसं. तो वाकून पेटीतल्या ट्यूबा एकेक उलटून बघायला लागला. एकशे अकरा, ख. सत्तावीस, ख. दोनशे तीन, पुन्हा ख. बाई हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत होत्या. शेवटी खालच्या थरात चौऱ्याऐंशी सापडली. क! त्याने ती उचलली आणि, स्वतःच्याही नकळत, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली.

बाई त्या ट्यूबेकडे पाहत राहिल्या. ‘‘तुम्हाला नक्की हीच हवी?’’

‘‘हीच.’’

‘‘एवढ्या सगळ्यांतून?’’

‘‘हीच, बाई.’’

‘‘बरं,’’ बाई म्हणाल्या.

त्या ‘बरं’चा पुढे त्याने पुष्कळ विचार केला, पण तेव्हा तो जिने दोन-दोन पायऱ्या गाळत चढत होता. जगात फक्त दोन माणसांना मिळून पूर्ण सत्य माहीत होतं, अर्धं याला नि अर्धं त्यांना, आणि आत्ताच ती दोघं एका पेटीवर वाकली होती. त्याला त्या क्षणाचं सौंदर्य जाणवलं. आपण दुसऱ्या अर्ध्याकडे तोंड करून उभे होतो हे मात्र नाही.

पुढचा दीड महिना तो सुखी होता. इतकं साधं लिहायला संकोच वाटतो, पण तसं होतं. तो दोन वेळा, घड्याळ लावून, प्लास्टिकच्या जबड्यावर दाखवलं होतं तसा ब्रश धरून दात घासायचा. जेलीला पुदिन्याची गार, खेळकर चव होती, मागे रेंगाळणारी. त्याला ती बुद्धिमान वाटायची. आरशात फेसाळ तोंडाने तो स्वतःकडे असा बघायचा जणू समोर गट क उभा आहे. बायको दाराशी येऊन म्हणायची, ‘‘पूर्वी तू ब्रश नुसता दातांना दाखवून आणायचास. हे काय सुरू केलंयस?’’ एक दिवस तिने बोटावर घेऊन चाखली आणि म्हणाली, ‘‘छान आहे की. मीही लावते.’’ त्याला एक क्षण दचकल्यासारखं झालं, नमुना दूषित होतो म्हणून. मग हसू आलं. आठवड्याने ओघळ फिका झाला. दुसऱ्या आठवड्यात भांड्यावर नुसता पांढरा फेस. तो वाकून नीट बघायचा, पाणी न सोडता, आणि मग बाहेर येऊन उगाच मोठ्याने काहीतरी वाचायचा, बिलावरचं, बिस्किटाच्या पुड्यावरचं. बायको म्हणायची, ‘‘तुझ्या वडिलांवर चाललायस.’’ तो मनात म्हणायचा, नाही चाललो, हेच तर.

असं नव्हतं की त्याला काही दिसत नव्हतं. आयुष्यभर ज्या डॉक्टरांनी ‘माझ्या एका पेशंटला याने गुण आला’ असं म्हटलं त्यांची त्याने दात विचकून टर उडवली होती. वाईट दिवशी मोजलेली गोष्ट पुढच्या वेळी थोडी बरी निघतेच, हे तो नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवायचा. आता तो स्वतः एक पेशंट होता, एका पेशंटची चाचणी होता, आणि त्याला गुण येत होता. समोर दोनशे चाळीस जणांचा भक्कम पुरावा असताना त्याचा विश्वास बसत होता तो वॉशबेसिनवर. या अधःपातात एक गोडी होती. एरवी तो आकड्यांना काय निघायचं ते निघू द्यायचा. आज पहिल्यांदा त्याला काहीतरी निघायला हवं होतं. जेली खरी निघायला हवी होती, म्हणजे दाढ राहणार होती, म्हणजे हसताना हात तोंडाशी जाणार नव्हता. एकाच गोष्टीने त्याला जरासं टोचलं होतं. पेशंट वापरलेल्या ट्यूबा परत द्यायचे आणि त्या वजनकाट्यावर ठेवून किती जेली संपली ते बघितलं जायचं. ख-वाल्यांच्या ट्यूबा जड परत आल्या होत्या. त्यांनी लावलीच कमी. त्याने साहेबांना विचारलं होतं. साहेब म्हणाले होते, ‘‘उघड आहे! साध्या जेलीत दम नाही, माणसाला आतून कळतं ते. कंटाळतो तो.’’ एकतोंडेने एरवी या ‘आतून कळतं’वर अर्धा तास घेतला असता. त्या दिवशी तो म्हणाला, ‘‘हो, तसं असेल.’’ दात शाबूत असताना त्याने हो म्हटलं.

समितीच्या दिवशी सकाळीच त्याने परीक्षक दोनला पुन्हा गाठलं. खुर्चीत पडल्यापडल्या त्याने न सांगता जबडा उघडला. तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. हात डावीकडे खाली सरकला आणि त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. ‘‘तीन,’’ ती म्हणाली. ‘‘चार. तीन. रक्त नाही.’’ त्याने मनात पाव वजा केलं: पावणेचार! तिने सळई काढली तशी तो उठून बसला आणि तिचे दोन्ही हात, हातमोज्यांसकट, धरून म्हणाला, ‘‘तुम्हाला कळतंय का काय झालंय ते?’’

‘‘हो, बरं झालंय. अहो, मी—’’

‘‘नका सांगू! चार वाजता कळेल.’’ आणि टॉवेल गळ्यात तसाच ठेवून तो निघाला. कॉरिडॉरच्या टोकाला मदतनीस मुलीने धावत येऊन टॉवेल काढून घेतला.

चार वाजता लांब टेबलाभोवती सगळे जमले. ज्येष्ठ सभासदांची मुलगी परत गेली होती. साहेब नवा कोट घालून आले होते. औषधवाल्या बाई कोपऱ्यात चष्मा पुसत होत्या. एकतोंडेने आकडे दाखवले आणि दाखवताना त्याचा आवाज चढत गेला. भिंतीवर दोन रेषा होत्या, क-ची खाली उतरत गेलेली, ख-ची मध्येच रेंगाळलेली, आणि त्या दोहोंमधली जागा त्याला उघड्या खिडकीसारखी दिसत होती. ‘‘हा फरक योगायोगाने येण्याची शक्यता हजारात एकाहून कमी,’’ तो म्हणाला, ‘‘आणि हे तोंडं मोजून. जागा मोजून नव्हे.’’ साहेबांनी उदारपणे मान डोलावली. ते म्हणाले, ‘‘एकतोंडे आणि मी खूप भांडलो. एका गोष्टीवरून तर सहा महिने. मी म्हणत होतो, जेलीने फायदा होतो का एवढंच तपासा. हे म्हणाले, नुकसान होतं का तेही तपासायचं, चाचणी दोन्ही बाजूंची हवी. मी म्हटलं, अहो, औषधाने वाईट कसं होईल? पण आज मला त्याचं काही वाटत नाही. आज माझ्या दृष्टीने आयुष्याचा—बाई, सांगा, क म्हणजे काय, एकदा होऊन जाऊ दे.’’

‘‘क म्हणजे साधी,’’ बाई म्हणाल्या.

बाहेर कुणीतरी जिन्यावरून खुर्ची ओढत नेत होतं. ती खालपर्यंत गेली.

‘‘उलट म्हणायचंय तुम्हाला,’’ साहेब म्हणाले.

‘‘मीच भरल्यात. औषध ख-मध्ये.’’

‘‘एकदा आठवून बघा.’’

‘‘आठवायचं काय त्यात? ख कडू आहे. जहर. मी तेव्हाच तुम्हाला म्हटलं होतं, पुदिन्याने झाकत नाही, लोक तोंडात घेणार नाहीत. तुम्ही म्हणालात, औषध आहे, मिठाई नव्हे. लोकांनी एकदा लावली, चटकन थुंकली, आणि ब्रशही आटोपता घेतला असणार. साधीला चव छान आहे. माणूस घासत राहतो.’’ मग बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि एकतोंडेकडे पाहिलं. कुलूप होतं तसंच होतं, पण किल्ली जरा चमकली. ‘‘यांना विचारा.’’

जड ट्यूबा. एकतोंडेच्या डोळ्यांपुढे त्या काट्यावर एकेक येऊन बसल्या, जड, कडू, पोटभर. दोन पायऱ्यांवरून एकदम पाय घसरावा तसं झालं. आणि त्या घसरण्यातच, खाली पोचायच्या आत, एक वेडी उकळी आली. कारण फरक तिथेच होता. भिंतीवर रेषा तशाच होत्या. हलल्या नव्हत्या. त्याने आखलेल्या सापळ्यात एक खरं जनावर सापडलं होतं, फक्त त्याने ज्याची पावलं ऐकली होती ते हे नव्हतं. दोन्ही दारं उघडी ठेवली होती म्हणून ते दुसऱ्या दाराने आत आलं होतं. साहेबांचं ऐकून एकच दार ठेवलं असतं, तर आज ‘फायदा आढळला नाही’ एवढं लिहून सगळे घरी गेले असते, आणि कडू जेली पुढच्या चाचणीत दुप्पट माणसांच्या तोंडात गेली असती.

साहेबांनाही तेच सुचलं होतं, उशिरा. ते पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, ‘‘एकतोंडे, माझं एक ऐका. तुमचंच म्हणणं होतं की मी हट्टी आहे. मी हट्ट सोडतो. पण आता तुम्हीही सोडा. एका बाजूची करा. फायदा झाला का? नाही झाला. एवढंच लिहू. खोटं काय त्यात?’’ टेबलाभोवतीचे सगळे आपापल्या कपांत बघायला लागले. एकतोंडेची जीभ आपोआप डावीकडे खाली गेली. दाढ जागेवर होती, गुळगुळीत, घट्ट. सगळ्याला हो म्हणायला अजून काही वर्षं होती.

‘‘साहेब,’’ तो म्हणाला, ‘‘तोंड एक, बाजू दोन.’’

हे तो फार मोठ्याने म्हणाला असावा, कारण ज्येष्ठ सभासद दचकून जागे झाले. साहेबांनी एकदा भिंतीवरच्या रेषांकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘लिहा काय लिहायचं ते,’’ आणि कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला. त्या क्षणी एकतोंडेला ते एकदम आवडले, आणि त्यांची दयाही आली. दहा वर्षं त्यांनी एका कडू गोष्टीवर प्रेम केलं होतं.

बाहेर पडताना परीक्षक दोन त्याच्या बरोबरीने चालत होती. तो हातवारे करत बोलत होता: चव हाच खरा परिणाम आहे, चव! पुढची चाचणी चवीची आखायची, चार गट, कडू-गोड, औषध-बिनऔषध. लोक किती वेळ घासतात ते मोजायचं! माझ्या दाढेचंच बघा, नुसत्या चवीने सहाचे चार, सॉरी, पावणेसहाचे पावणेचार!

‘‘सर,’’ ती म्हणाली, ‘‘मी सकाळी तेच सांगत होते. तुमचे दात मी खरवडले होते. खरवडल्यावर एवढा फरक पडतोच. सगळ्यांनाच पडतो.’’

तो थांबला. जिन्याच्या कठड्याला हात लावून उभा राहिला आणि मग इतक्या मोठ्याने हसला, की वरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून पाहिलं. हात तोंडाशी न्यायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

घरी पोचल्यावर बायकोने विचारलं, ‘‘काय निघालं?’’

‘‘क साधी निघाली.’’

‘‘म्हणजे आपण लावतो ती?’’

‘‘तीच. पाणी, ग्लिसरीन आणि पुदिना.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली, वहीवरून मान वर न करता. ‘‘पण संपत आलीये ती. अजून मिळेल का?’’

तळमजल्यावर साध्या जेलीच्या दोन पेट्या अजून नष्ट व्हायच्या होत्या.